आठवड्यातून चार उपास

इंदूरच्या एका महाविद्यालयात विज्ञान शिकवणाऱ्या आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. प्रात्यक्षिक चालू असताना द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी चक्कर येऊन पडली. ती बडवानीकडच्या खेड्यातली असून भंवरकुआँ भागात आणखी तीन मुलींसह खोली घेऊन राहते. विचारल्यावर तिने "आज उपास आहे" एवढेच सांगितले. मैत्रिणींकडून नंतर कळले, की तिला आठवड्यातून चार दिवस उपास असतात आणि तिने डबा एकाच वेळचा लावलेला आहे. त्यानंतर वर्गाकडे निरखून पाहिले, तेव्हा अशी आणखी पाच-सहा मुले असावीत असे या भगिनींना वाटू लागले. महाविद्यालयाच्या मागे सुमारे चार हजार चौरस फूट पडीक जागा आहे. तिथे मुलांकडून भाजीपाल्याची बाग करून घ्यावी आणि परदेशी विद्यापीठांत असते तसे मोफत शिध्याचे कपाटही ठेवावे, असे त्यांच्या मनात आहे. प्राचार्यांना बाग पसंत आहे, कपाट नाही. "अहिल्याबाईंच्या नगरीत कोणी उपाशी झोपत नाही, आणि फुकट म्हटले की गरज नसलेलेच आधी रांग लावतील," असे त्यांचे म्हणणे आहे. घरी यजमान म्हणतात, की शिक्षिकेने शिकवावे, अन्नछत्र चालवू नये. त्या विचारतात: बाग करावी की कपाट? खरा गरजू ओळखावा कसा? आणि मुळात हे काम माझे आहे का?

आदरणीय भगिनी, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील "उपास आहे" या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. माझे आजोबा शिकण्यासाठी इंदुरात आले तेव्हा वार लावून जेवत असत. सात दिवसांची सात घरे ठरलेली होती. पुढे ते चांगल्या नोकरीला लागले, स्वतःचे घर झाले, तरी दर गुरुवारी ते कडक उपास करीत, आणि आम्ही नातवंडे तो दत्तगुरूंचा उपास समजत होतो. ते गेल्यानंतर आजीने सांगितले, की गुरुवारच्या घरी त्यांचे पान घरच्यांच्या पंक्तीत न मांडता पडवीत मांडले जाई आणि दुसऱ्यांदा भात मागितला की वाढणारी आत कोणाकडे तरी पाहत असे. म्हणून विद्यार्थी असतानाच त्यांनी गुरुवार सोडला आणि त्या दिवशी उपास असल्याचे सांगायला सुरुवात केली. नंतर तेच अंगवळणी पडले. आपल्या विद्यार्थिनीच्या चार उपासांमागेही असेच काही असावे असे मला वाटते. भूक लपवायला आपल्या समाजात उपासाएवढे सोयीचे आणि सन्मानाचे पांघरूण दुसरे नाही, कारण उपास करणाऱ्याला कोणी आग्रह करीत नाही आणि कारणही विचारीत नाही.

आता प्राचार्यांच्या म्हणण्याकडे वळतो. इंदूर हे खाण्याचे शहर असल्यामुळे इथली भूक दिसत नाही, एवढाच त्यांच्या वाक्याचा खरा अर्थ आहे. रात्री सराफ्यातल्या खाण्याच्या बाजारात जी गर्दी असते, तिच्यात विद्यार्थीही असतात. पण महिन्यातून एकदा तिथे दिसणारा मुलगा उरलेले दिवस काय खातो, हे त्या गर्दीवरून कळत नाही. ते कळायचे असेल तर भंवरकुआँच्या आसपास एखाद्या पोह्यांच्या गाडीजवळ सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमारास अर्धा तास उभे राहावे. नाश्त्याची वेळ केव्हाच टळलेली असते. तरीही काही मुले मुद्दाम त्याच वेळी येतात, कारण एवढ्या उशिरा खाल्लेल्या पोह्यांवर नाश्ता आणि दुपारचे जेवण दोन्ही भागते. ती मुले एकच प्लेट घेतात, "भैया, सेव थोडी ज्यादा" म्हणतात, पोह्यांवर भुरभुरायचा जीरावण मसालाही जरा जास्तच मागून घेतात आणि वरून दोन पेले पाणी पितात. गाडीवाल्याला हे ठाऊक असते. तो न बोलता शेवेची मूठ वाढवतो.

ही मुले दरिद्री दिसत नाहीत, आणि ओळखण्यातली पहिली अडचण तीच आहे. त्यांच्या हातात फोन असतो, कपडे इस्त्रीचे असतात. घरून येणाऱ्या पैशांतून खोलीचे भाडे, वीज, महाविद्यालयाची किंवा शिकवणीची फी आणि डबा एवढे खर्च निघायचे असतात. यांपैकी भाडे थकवता येत नाही आणि फी टाळता येत नाही, तेव्हा कात्री लागते ती डब्यालाच. राज्य लोकसेवा आयोगाचे कार्यालय याच शहरात असल्यामुळे पदवीनंतरही वर्षानुवर्षे परीक्षा देत राहणारी मुले इथे हजारोंनी राहतात, आणि घरी पैसे मागायची लाज वयाबरोबर वाढतच जाते. त्यातच शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर जमा झाली नाही, की दोन वेळचा डबा एक वेळचा होतो. सरकारी शाळेत आठवीपर्यंत दुपारचे जेवण मिळत होते. त्यानंतर ही भूक कोणत्याच खात्याच्या नोंदवहीत येत नाही.

आपल्या तीन प्रश्नांपैकी मधला, म्हणजे खरा गरजू कसा ओळखावा हा, मी आधी घेतो. कारण माझ्या मते तो प्रश्नच सोडून द्यावा. अर्ज, उत्पन्नाचा दाखला, वर्गशिक्षकांची शिफारस असे काहीही मागितले, तर ज्या मुलीने चक्कर येऊन पडल्यावरही उपासाचे कारण पुढे केले ती कधीच येणार नाही. आणि जी येतील त्यांतली निम्मी अर्ज भरण्यात तरबेज असलेलीच असतील. अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तिथे गरिबांना शिधा घेण्यासाठी सरकारी मदत मिळते. त्यांच्या संसदेसाठी तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाने २०१८ च्या अखेरीस दिलेल्या अहवालात म्हटले होते, की २०१६ च्या आकडेवारीनुसार या मदतीस पात्र ठरू शकणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांपैकी सुमारे २० लाख विद्यार्थी ती घेतच नव्हते. नियम किचकट आणि आपण त्यात बसतो की नाही याची खात्री नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. आपण ज्या कपाटांबद्दल लिहिले आहे त्यांची सुरुवातही तिथलीच आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९९३ मध्ये स्वतः चालवलेली शिधापेढी हे त्याचे सर्वांत जुने उदाहरण मानले जाते, आणि पुढे शेकडो महाविद्यालयांनी तो मार्ग धरला.

गरज नसलेली मुले येतील हे प्राचार्यांचे भय खोटे नाही. पण आली तर काय होईल, याचा हिशेब करावा. एखादा खात्यापित्या घरचा मुलगा येता-जाता मूठभर फुटाणे उचलील. महिनाभरात असे चार-पाच किलो फुटाणे जातील, म्हणजे स्टाफरूममधल्या आठवड्याच्या चहापेक्षाही कमी पैसे. त्या बदल्यात आपल्याला मोठी गोष्ट मिळेल: ज्या कपाटापाशी सगळेच हात घालतात, तिथे उपाशी मुलीचा हात वेगळा दिसत नाही. गरज नसलेली मुले यावीत अशी सोय आपण मुद्दाम करावी, असेच मी सुचवीन.

आता बाग. मलाही बागेची आवड आहे, तरीही आपल्याला थोडे निराश करतो. दहा बाय दहा फुटांच्या वाफ्यात मेथी पेरली, तर महिन्याभरात पाच-सहा किलो भाजी निघेल. वाफा हिरवागार दिसेल, छायाचित्र सुरेख येईल, कदाचित स्थानिक वर्तमानपत्रातही छापून येईल. परंतु पालेभाज्यांत ऊर्जा फारच थोडी असते. सगळ्या वाफ्याच्या मेथीची ऊर्जा मोजली, तर एका तरुण मुलीच्या एका दिवसाच्या गरजेपेक्षा ती फारशी जास्त भरत नाही. तेवढ्याच वजनाचे फुटाणे घेतले तर तिचे दहा-अकरा दिवस निघतील आणि प्रथिनेही मिळतील. मेथीला मी कमी लेखत नाही. पोहे आणि शेवेवर दिवस काढणाऱ्या मुलींना लोह आणि फोलेट यांची गरज असतेच, आणि ती पालेभाजीतून काही अंशी भागते. पण खोलीत चूल नाही, घरमालकाने हीटर बंद केलेला आहे, अशा मुलीच्या हातात मेथीची जुडी दिली तर ती तिचे करणार काय?

म्हणून बाग करावी, पण पोट भरण्याचे काम तिच्यावर टाकू नये. मला बागेचा उपयोग दुसराच दिसतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिच्या वसतिगृहांतील मुले शेतात राबून शिकली आणि 'कमवा आणि शिका' हे शब्द मराठी घरांत रुळले. त्याच वसतिगृहांसाठी गावोगावी घरटी एक मूठ धान्य बाजूला काढले जाई, त्याला मुष्टिफंड म्हणत. आणि मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले हेही आपण जाणताच. त्या उदाहरणातून आपण एवढेच घ्यावे, की बागेतल्या कामाचे तासावर रोख पैसे द्यावेत. दिवसाला चार मुले, प्रत्येकी एक तास, आठवड्याच्या शेवटी हिशेब. मेथी, पालक, कोथिंबीर प्राध्यापकांना आणि आसपासच्या घरांना चोइथराम मंडीतून येणाऱ्या भाजीच्या भावाने विकावी. संध्याकाळी घरी जाताना ताजी जुडी मिळाली तर स्टाफरूममध्ये नाही कोण म्हणेल? त्या पैशांतून मजुरी निघेल आणि कमी पडेल ते संस्थेने घालावे. बडवानीच्या मुलीला शेतीतले आपल्यापेक्षा अधिक कळत असेल. तिथे ती मदत घेणारी राहणार नाही. वाफ्याला पाणी किती द्यायचे हे तिला विचारावे लागेल.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागेल. काम केले तरच शिधा, अशी सांगड कदापि घालू नये. परीक्षेच्या दिवसांत, मासिक पाळीत, तापात मुलगी फावडे उचलू शकत नाही, आणि भूक नेमकी त्याच दिवसांत अधिक बोचते. मजुरी कामाची, शिधा सर्वांचा, हे दोन हिशेब वेगळे असू द्या.

बागेबाबत शेतीच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून वाफे जमिनीपासून वीतभर उंच करावेत. जुलैत महाविद्यालय सुरू होताना भेंडी, गवार, चवळी लावावी. दिवाळीच्या आगेमागे मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर. मार्चनंतर नवे काही पेरू नये, कारण एप्रिल-मेमध्ये मुले गावी जातात आणि पाणी घालायला चौकीदाराशिवाय कोणी उरत नाही. शेवगा, कढीलिंब आणि लिंबू कडेने लावले तर सुट्टीतही तगतील.

कपाटाला मी कोठीघर म्हणेन, कारण 'गरजूंसाठी' अशी पाटी लागली की ते रिकामे न होता नुसते पडून राहील. ते प्राचार्यांच्या किंवा समुपदेशकाच्या खोलीजवळ नको. ग्रंथालयाच्या दाराशी किंवा जिन्याखाली, जिथून सगळेच जातात-येतात तिथे असावे. कुलूप नको, नोंदवही नको, कॅमेरा तर मुळीच नको. किती संपले एवढेच दर शनिवारी मोजावे. आत काय ठेवायचे हे ठरवताना, जिच्या खोलीत फक्त पाणी तापवायची विजेची किटली आहे अशी मुलगी डोळ्यांपुढे ठेवावी. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, परमल म्हणजे कुरमुरे, सातूचे पीठ, दुधाची भुकटी आणि खजूर यांना काहीच शिजवावे लागत नाही. पातळ पोहे पाण्यात भिजवून दाणे-गूळ घालून खाता येतात. ज्यांच्याकडे चूल आहे त्यांच्यासाठी खालच्या खणात मूगडाळ आणि तांदूळ समप्रमाणात मिसळून, मीठ-हळद घालून पाव-पाव किलोच्या पुड्या बांधून ठेवाव्यात. खिचडी करायला तेवढे पुरते. बिस्किटे आणि मॅगी देणगीदार आपणहून आणून देतील. ती नाकारू नयेत, पण आपल्या पैशांनी आणू नयेत. आणि सॅनिटरी पॅड जरूर ठेवावेत, कारण महिन्यातून एकदा डब्याचे पैसे त्यांच्यावरही जातात आणि मुली ते कुठेच बोलत नाहीत.

वेळापत्रकातली एक खाच इथे सांगतो, कारण ती बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. बहुतेक टिफिन सेंटरवाले रविवारी संध्याकाळी सुट्टी घेतात. डबेवाल्या बाईंनाही विश्रांती हवीच, त्यात त्यांचा दोष नाही. परंतु एक वेळचा डबा लावलेल्या आणि तो रात्रीचा घेणाऱ्या मुलाचा रविवार त्यामुळे कोरडा जातो, आणि सोमवारी सकाळच्या प्रात्यक्षिकाला तो तसाच उभा राहतो. आपली विद्यार्थिनी कोणत्या वारी पडली हे आपण लिहिलेले नाही. तो सोमवार असला तर मला नवल वाटणार नाही. कोठीघर शनिवारी दुपारी काठोकाठ भरलेले असावे ते याचसाठी. महिन्याचा शेवटचा आठवडा आणि दिवाळीची सुट्टी या दोन वेळांनाही तेच लागू आहे, कारण गावी जायला भाड्याचे पैसे नसलेली मुले सुट्टीत इथेच राहतात.

रविवारची रात्र भरून काढण्यासाठी इंदूरच्या मराठी कुटुंबांना जुन्या वाराची आठवण करून द्यावी असे मला मोहाने वाटते. सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग इथल्या पंधरा-वीस घरांनी रविवारी चार पोळ्या आणि कोरडी भाजी जास्त केली तर ते कोणालाच जड नाही. पण माझ्या आजोबांची पडवी मी विसरलेलो नाही, आणि जुने वार जातीकडे पाहून दिले जात हेही विसरता येत नाही. म्हणून मुलाने घरी जाऊन जेवण्याची पद्धत नको. सगळे डबे एकाच बनावटीचे असावेत, एका ठिकाणी जमावेत, कोणत्या घरचा डबा कोणाकडे गेला हे दोन्ही बाजूंना कळू नये, आणि त्यात संस्थेतील कोणीही आपला डबा ठेवावा वा उचलावा. शिजवलेले अन्न तास-दोन तासांत खाल्ले जाईल अशीच आखणी करावी. लग्नकार्यालयातील उरलेले जेवण आणू पाहणारे उत्साही लोक भेटतील, त्यांना सध्या नम्रपणे नकार द्यावा; उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे वेगळे नियम आहेत, आणि गार-गरम ठेवण्याची सोय नसलेल्या महाविद्यालयाने ती जोखीम घेऊ नये.

जे देणगी नसून मुलांच्या हक्काचे आहे, ते मिळवून देण्यातही आपले सेवा योजनेचे विद्यार्थी उपयोगी पडतील. ज्यांच्या घरी पात्रता पर्ची, म्हणजे रेशनचा हक्क दाखवणारी चिठ्ठी आहे, त्या प्राधान्य कुटुंबांना अन्नसुरक्षा कायद्याखाली दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत मिळते. शिधापत्रिकेवर मुलाचे नाव असेल आणि आधार जोडलेले असेल, तर 'एक देश, एक रेशन कार्ड' व्यवस्थेमुळे तो इंदूरच्या दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचे धान्य घेऊ शकतो आणि बाकीचे गावी घरच्यांना मिळते. फक्त दुकानदाराने चुकून पूर्ण कुटुंबाचा कोटा नोंदवू नये, याकडे लक्ष ठेवावे, नाहीतर गावी आई रिकाम्या हाताने परतेल. अनुसूचित जाती-जमातींचे जे विद्यार्थी वसतिगृहाबाहेर भाड्याने राहतात, त्यांच्यासाठी राज्याची आवास सहायता योजना आहे. बडवानीच्या मुलीला ती लागू होते का, हे तपासावे. २०१७ पासून चालू असलेल्या दीनदयाळ रसोईच्या केंद्रांवर नाममात्र पैशांत थाळी मिळते, पण ती मजुरांसाठी असते असे समजून विद्यार्थी तिकडे फिरकत नाहीत. एखाद्या दुपारी आपणच चार मुलांना घेऊन तिथे जेवून यावे. शिष्यवृत्तीचे अर्ज कोणत्या टेबलावर अडकले आहेत, याचा महिन्यातून एकदा पाठपुरावा केला, तर कोठीघराचे निम्मे काम हलके होईल.

यजमानांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण त्यात आपली काळजी आहे. हे काम आपल्या पगारातून आणि आपल्या रात्रींतून चालू लागले, तर दुसऱ्या वर्षी बंद पडेल आणि मुलांना पहिल्यापेक्षा जास्त वाईट वाटेल. हिशेब दुसऱ्या प्राध्यापकांकडे असू द्या, खरेदी आणि भरणा विद्यार्थ्यांकडे, आणि स्वतःकडे फक्त शनिवारची पाहणी ठेवा. पण शिक्षिकेने शिकवावे हे त्यांचे वाक्य मला आपल्या बाजूचेच वाटते. रिकाम्या पोटी ब्युरेटमधला थेंब मोजता येत नाही हे आपण प्रयोगशाळेत पाहिलेच आहे. प्राचार्यांशी वाद घालू नये. त्यांना बाग हवी आहे, तर बागेचाच प्रस्ताव द्यावा, आणि त्यात 'उत्पन्नातून विद्यार्थ्यांसाठी अल्पोपाहार' अशी एक ओळ घालून ठेवावी.

राहिली ती मुलगी. तिला स्टाफरूममध्ये बोलावून विचारपूस करू नये आणि कोठीघराची पहिली लाभार्थी म्हणून तर मुळीच तिकडे नेऊ नये. येत्या सोमवारी प्रात्यक्षिक सुरू होण्याआधी, प्रयोगशाळेच्या बाहेरच्या व्हरांड्यात, एका मोठ्या परातीत फुटाणे, दाणे आणि गूळ घेऊन बसावे. उपासाच्या दिवशीही चालतील म्हणून दाणे-गूळ एका बाजूला वेगळे ठेवावेत. सगळ्या तुकडीला खायला सांगावे आणि पहिली मूठ आपण स्वतः घ्यावी.